साडेसातची घंटा

आमच्या चाळीत सगळ्यात जास्त शिव्या कुणी खाल्ल्या, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. त्यातून मी दिलेल्या वजा केल्या तरी पहिला नंबर त्यांचाच राहील. त्यांचं नाव मी लिहीत नाही. तोंडावर त्यांना सगळे कंपाउंडरकाका म्हणायचे, आणि पाठीमागे जे म्हणायचे ते छापण्यासारखं नाही. हल्ली ते कुडाळजवळ आपल्या गावी असतात. हा लेख त्यांच्या हाती पडलाच, तर आधी ते कागद बोटांत चोळून वर प्लास्टिकचा मुलामा आहे का ते बघतील आणि मग तो कुठल्या डब्यात टाकायचा ते ठरवतील. वाचतील की नाही याची मला खात्री नाही.

चाळ घाटकोपर पूर्वेची. दोन मजले, चोवीस खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. वारा देवनारच्या डम्पिंग ग्राउंडकडून सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे आमच्याकडे पोरांना चालता येण्याआधी कळतं. मी तिथला सेक्रेटरी. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. माझं अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर माझ्याकडे आलं आणि रजिस्टरच्या मागोमाग पद आलं.

काका आयुष्यभर नाहूरच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर थकले, मुलाकडे निघून गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. जाताना डॉक्टरांनी त्यांना टेबलावरची पितळी घंटा दिली. ती वाजवली की काका दारात उभे राहून "पुढचा पेशंट!" असं ओरडायचे, इतका त्या घंटेशी त्यांचा संबंध. ही घंटा आणि एक चपातीचा चिमटा एवढी शिल्लक घेऊन ते घरी बसले. काकू तोपर्यंत गावी राहायला गेल्या होत्या. "तिनं गाव घेतलं, मी कचरा घेतला. वाटण्या झाल्या," असं ते स्वतःच सांगायचे.

एकदा देवनारला कचरा पेटला आणि धूर आमच्या गॅलरीत येऊन बसला. चाळभर खोकल्याची साथ. सगळे महापालिकेच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा काका जिन्यात उभे राहून म्हणाले, "धूर आपलाच आहे. आपणच पाठवला होता तिकडे. परत आला, एवढंच." दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याखाली दोन पिंपं आणून ठेवली, एक ओल्या कचऱ्याचं, एक सुक्याचं. बाजूला पाटी: दुधाच्या पिशव्या धुऊन टाकाव्यात. लोक हसले. दूध पिऊन झाल्यावर पिशवी धुवायची? मग पुढे चहा प्यायल्यावर बशी पण फ्रेम करून लावू, असं मीच म्हणालो होतो. पण चिकाटी म्हणजे काय ते आम्हाला अजून बघायचं होतं.

रोज सकाळी सहा वाजता काका पिंपांपाशी हजर. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, डाव्या हाताला भांडी घासायचा लाल रबरी मोजा, उजव्या हातात चिमटा. कुणाची पिशवी कुठली हे लक्षात ठेवून ते प्रत्येक पिशवी उघडायचे. हो, प्रत्येक. ओल्यात सुकं सापडलं की ते चिमट्याने काढायचे, कागदात बांधायचे, वर चिठ्ठी लावायचे आणि ज्याचं त्याच्या दारात परत नेऊन द्यायचे. 'सुका कचरा. धुऊन टाकावे.' आपण दात घासत उभं असावं आणि हा माणूस आपलीच कालची शॅम्पूची पुडी आपल्या हातात ठेवून निघून जावा, याचा पहिला धक्का मी अजून विसरलेलो नाही.

मग पिशव्यांवरून ते माणसं वाचायला लागले. "नऊ नंबरने साखर सोडलेली नाही, बिस्किटांची वेष्टनं बघा." "चार नंबरच्या आजोबांना दात दुखतोय, दोन दिवस सगळी फळं सोलून खातायत." चिमटा हवेत धरून म्हणायचे, "माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो. कचरा बोलत नाही." ऐकणाऱ्याला हसू यायचं आणि हसता हसता आपल्या कालच्या पिशवीत काय होतं ते आठवायला लागायचं.

पावसाळ्यात त्यांचा मोर्चा डासांकडे वळला. कुंड्यांखालच्या बशा, गॅलरीतली झाकण नसलेली पिंपं, छपरावरचे टायर, सगळं ते उपडं करत फिरायचे. एके दिवशी फाटकाशी बघतो तर स्टुलावर काचेची बरणी. आत पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या शेकडो अळ्या. बरणीवर सुबक चिठ्ठी: खोली नंबर अकरा, तुळशीखालची बशी. अकरा नंबरच्या बाईंनी बरणी बघितली, किंचाळल्या, आणि मग जे काही बोलल्या त्याने फाटकापलीकडचा इस्त्रीवालासुद्धा काम थांबवून उभा राहिला. काका शांत. "ओरडू नका. झाकण लावलंय, एकही बाहेर येणार नाही." त्या वर्षी शेजारच्या दोन्ही चाळींत डेंग्यूने माणसं आडवी झाली, आमच्याकडे एकही नाही, हे खरं आहे. पण अकरा नंबरने ते मान्य करायला तीन पावसाळे घेतले.

याहून वाईट म्हणजे तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हाचं. तिरडी बांधून झालेली, बायका रडतायत, उचलायची वेळ झाली आणि हे खाली वाकले. मला वाटलं, नमस्कार करतायत. ते हारांवरचं प्लास्टिक काढत होते! मी दंड धरून बाजूला घेतलं. "काका, अहो मयत आहे!"

"माणूस चांगला होता," ते कुजबुजले. "धुतल्याशिवाय पिशवी टाकली नाही कधी. त्याच्या अंगावर प्लास्टिक जाळायचं?" आणि डोळे पुसून पुन्हा वाकले. लाजेने माझे कान तापले होते.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. घरात आम्ही तिघं, आई, मी आणि धाकटी बहीण शीतल. शीतल एका दुकानात काउंटरवर असायची. दोन महिने खोकला हटेना, कपडे सैल व्हायला लागले, तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. टीबी निघाला, फुप्फुसांचा. डॉक्टर तरुण होते, पण आवाज खणखणीत. "सहा महिने रोज गोळ्या. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या, तर हाच आजार उलटतो आणि मग साधी औषधं लागू पडत नाहीत. कळलं का गं?" शीतलने मान हलवली. आई मात्र दवाखान्याबाहेर आल्यावर रस्त्यातच थांबली. आई मूळची जालन्याकडची. "कुनाला कळू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "पोरीचं स्थळ आलंय. चाळीत कुनाला म्हनजे कुनाला न्हाई." दवाखान्यातल्या ताई घरी चौकशीला येणार होत्या, त्यांनाही आम्ही फोनच करा म्हणून विनवलं.

त्याच सुमारास कंपनीच्या तपासणीत माझं बीपी वाढलेलं निघालं आणि जन्मभरासाठी एक गोळी मागे लागली. आई रोज सकाळी चहाबरोबर ती माझ्या हातावर ठेवायची आणि शीतलच्या हातावर तिच्या चार. पण आमच्या घरात तेव्हा आजारी माणूस एकच होता, आणि तो मी नव्हतो.

पहिला महिना बरा गेला. खोकला कमी झाला. आणि मग तो शनिवार आला.

सतरा नंबरमध्ये नवं जोडपं आणि नवऱ्याची आई. त्या सुनेचं आधी एकदा मूल पडलं होतं, हे चाळीला माहीत होतं. त्या शनिवारी सकाळी काकांनी सतरा नंबरचं दार वाजवलं आणि सासूच्या हातात कागदाची पुडी ठेवली. 'सुका कचरा. धुऊन टाकावे.' सासूने गॅलरीतच पुडी उघडली. आत गर्भाची तपासणी करायची ती प्लास्टिकची पट्टी, दोन रेघांची. सासू जोरात ओरडली, आनंदाने की रागाने ते तिलाही कळलं नसावं. चार दारं उघडली. सून मोरीतून धावत आली आणि सगळ्यांसमोर मटकन खाली बसून रडायला लागली. तीन महिने झाल्याशिवाय ती कुणालाही सांगणार नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. मागच्या वेळी सगळ्यांना पेढे वाटले होते, म्हणून.

नवऱ्याने काकांची कॉलर धरली. "लाज नाही वाटत? बायकांच्या कचऱ्यात हात घालता?" काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते एवढंच म्हणाले, "मी वस्तू बघितली नाही. प्लास्टिक बघितलं." आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाची भीती वाटली. आयुष्यभर औषधं पुड्यांत बांधलेला माणूस! त्याला ती पट्टी ओळखू आली नाही असं नव्हे. ओळखायच्या आधीच त्याने ती ओल्या-सुक्यात बसवून टाकली होती.

त्या संध्याकाळी काका आमच्या दारात आले. मोजा नाही, चिमटा नाही, एक हात खिशात. "दोन मिनिटं बोलायचं होतं. आत येऊ?"

माझ्या मागे शीतल गादीवर पडली होती आणि कोनाड्यात तिच्या औषधांची पाकिटं. मी दार अर्धं ओढून घेतलं. "उद्या मीटिंग बोलावली आहे. तिथे काय ते बोला."

"तिथे बोलण्यासारखं नाही ते."

"मग बोलूच नका," असं म्हणून मी दार लावलं.

रविवारी सकाळी तळमजल्याच्या बोळात मीटिंग भरली. सगळ्यात मोठ्याने मी बोललो. सतरा नंबरचा नवरासुद्धा एवढा बोलला नाही. माणसाच्या घराची इज्जत, बायकांची अब्रू, खासगी आयुष्य, काय काय बोललो. लोक टाळ्या वाजवत होते. त्या पोरीसाठी मी भांडतोय असं त्यांना वाटत होतं. मला फक्त कोनाड्यातली पाकिटं दिसत होती. उद्या ह्या माणसाच्या चिमट्यात शीतलच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं आणि ते धुऊन, चिठ्ठी लावून त्याने दारात आणून दिलं तर?

काका उभे राहिले. सतरा नंबरच्या सुनेकडे बघून त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं, बाय. आजपासून कुणाची पिशवी उघडणार नाही." मग माझ्याकडे वळले. "पण सेक्रेटरी, तुमच्या घराबद्दल एक शब्द..."

मी ताडकन उठलो. "एकही नाही! माझ्या घराबद्दल कुणाशी एक शब्द नाही! माझ्याशीसुद्धा नाही! थांबा, लिहूनच काढतो."

आणि मी लिहिलं. रजिस्टरमध्ये, माझ्या त्या सुप्रसिद्ध अक्षरात: 'कुणाच्याही कचऱ्यात काय सापडले ते कुणीही कुणालाही, त्या घरातल्या माणसालासुद्धा, सांगू नये.' ठराव एकमताने मंजूर. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि सही केली.

सोमवारी पिंपांपाशी ते होते, पण हात मागे बांधून. लोक समोर मिसळलेला कचरा टाकत होते आणि काका भिंतीकडे बघत होते. आम्ही जिंकलो होतो. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही.

मंगळवारी फळ्यावर काकांची नवी सूचना. 'उद्यापासून सकाळी साडेसातला घंटा होईल. ज्यांना जी गोळी चालू असेल, बीपी, शुगर, थायरॉइड, लोहाची, ताकदीची, ती त्यांनी आपल्या दारात उभं राहून घ्यावी. कुठली ते कुणी विचारणार नाही, कुणी सांगू नये. पाणी आणि शेंगदाणे माझ्याकडे.'

"वाट लागली," वरच्या मजल्यावरचा रिक्षावाला म्हणाला. "कचरा सुटला आणि आता आपल्या तोंडात शिरतोय हा!"

बुधवारी साडेसातला टिंग. काका पांढऱ्या शर्टात, एका हातात ती पितळी घंटा, दुसऱ्या हातात पाण्याचा जग, खांद्याला पिशवी. "पुढचा पेशंट!" पहिल्या दिवशी फक्त आठ नंबरचे भाऊ बाहेर आले, तेही गंमत बघायला. काकांनी त्यांना घरातून त्यांची गोळी आणून गिळायला लावली आणि म्हणाले, "आ करा." भाऊंनी आ केला. काकांनी वाकून आत बघितलं, चार शेंगदाणे हातावर ठेवले आणि पुढच्या दाराकडे वळले. गॅलरी हसून लोळायची बाकी राहिली.

पण चाळ ही विचित्र चीज आहे. जिथे गर्दी दिसेल तिथे जायचं ही आपली सवय. दुसऱ्या दिवशी पाच जण, तिसऱ्या दिवशी अकरा. कोण गोळी विसरतं, कोण अर्धी घेतं, कोण संपली तरी आणत नाही, सगळं साडेसातला उजेडात यायला लागलं आणि कुणाला लाज वाटेना, कारण सगळेच तोंड उघडून उभे. सतरा नंबरची सूनही आली, लोहाच्या गोळीसाठी. तिने काकांकडे बघितलं नाही, पण आ केला.

सोमवारी, सहाव्या दिवशी, आईच म्हणाली, "शीतल, तू बी जा. म्हन, कॅल्शियम हाय." मला ते पटलं नाही, पण सगळे जात होते, आणि न जाणारेच उलट उठून दिसत होते. शीतल गेली. दारात उभी राहिली, मूठ घट्ट बंद. काका आले. मूठ उघडायला त्यांनी सांगितलं नाही. पाणी ओतता ओतता काहीतरी पुटपुटले आणि शीतलचा चेहरा एकदम उतरला. मी आतून बघत होतो. पुढे व्हायला निघालो, तेवढ्यात तिने चारही गोळ्या एकापाठोपाठ गिळल्या आणि आ केला. इतरांना शेंगदाणे, तिला मात्र काकांनी पिशवीतून आलेपाकाची वडी काढून दिली. लहान म्हणून लाड करतायत, असं मला वाटलं.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"काही नाही. पाण्याबरोबर घे म्हणाले."

त्यानंतर तिने एक सकाळ चुकवली नाही. मी पेपर घेऊन दारातच बसायचो. काका रोज माझ्यासमोर थांबायचे, जग किंचित वर करायचे. "पाणी?"

"मला कशाला?"

मग ते घंटा आणखी एकदा वाजवायचे, उगीचच, आणि पुढे जायचे. रोज. मला त्याचा भयंकर राग यायचा.

शीतल अंगाने भरायला लागली. गालांवर रंग आला. डॉक्टरांनी सहाचे सात महिने केले, तेव्हा दवाखान्यात औषधांचा काहीतरी घोळ असेल म्हणून मी तिथल्या लोकांनाही मनात चार शिव्या घातल्या. शेवटी एका दुपारी ती रिपोर्ट घेऊन आली. टीबी गेला होता. आई भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभी राहून रडली. मी पेढे आणायला चपला शोधत होतो, आणि बघतो तर शीतल कोनाड्यातलं शेवटचं रिकामं पाकीट उचलून बाहेर पडली, गॅलरीतून सरळ चालत गेली आणि ते काकांच्या हातात दिलं. काकांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, एकेक खळगा बोटाने चाचपला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती परत आली तेव्हा माझा आवाज फाटला होता. "तू सांगितलंस त्यांना? सात महिने आपण जपलं आणि..."

"मी नाही सांगितलं, दादा. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं."

"कसं?"

ती खाली बसली. आईकडे बघेना. "मी गोळ्या टाकत होते. त्या मीटिंगच्या आधी तीन आठवडे. उलट्या व्हायच्या रे. लघवी लाल व्हायची, भीती वाटायची. आणि खोकला तर थांबला होता ना. म्हणून चहाच्या चोथ्यात दाबून टाकायचे. त्यांना सापडल्या असणार. पहिल्या दिवशी मी घंटेला गेले तेव्हा ते म्हणाले, 'चहापेक्षा पाण्याबरोबर बऱ्या.' बस्स, एवढंच. मग मी डॉक्टरांना पण खरं सांगितलं. म्हणून त्यांनी सात महिने केले."

तीन आठवडे. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही, असं सांगितलेल्या गोळ्या तीन आठवडे आमच्याच चोथ्यातून पिंपात जात होत्या. आणि ज्या एका माणसाने ते पाहिलं, तो आमच्या दारात आला होता. त्याच्या तोंडावर मी दार लावलं होतं. वर त्याला लिहून गप्प केलं होतं.

मी काकांच्या खोलीत शिरलो तेव्हा ते दुधाची पिशवी धूत होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"काय?"

"शीतलच्या गोळ्या! चहाच्या चोथ्यातल्या!"

त्यांनी पिशवी दोरीवर चिमट्याने लावली. "ठराव आहे. त्या घरातल्या माणसालासुद्धा सांगू नये. सुंदर अक्षर आहे तुमचं."

"ठराव गेला खड्ड्यात! माझी बहीण मेली असती, काका!"

"मग रद्द करा," ते म्हणाले. "लिहून. तुमच्या घरापुरता केलात तरी चालेल."

त्या माणसाने मला खरोखर रजिस्टर आणायला लावलं. मी धावत गेलो, धावत आलो, आणि त्यांच्या ओट्यावर रजिस्टर ठेवून ठरावाखाली लिहिलं: 'माझ्या घरापुरता रद्द.' इतक्या घाईत लिहिलं की ते अक्षर माझं आहे असं आज कुणी म्हणणार नाही. काकांनी वाचलं, चष्मा पुसला, आणि मग ते खुर्चीत बसले.

"त्या शनिवारी सकाळी तुमच्या चोथ्याचा गोळा चिमट्यात फुटला आणि आतून चार विटकरी गोळ्या निघाल्या. सतरा नंबरच्या आधी. ती गोळी मी अंधारातपण ओळखीन. तुमच्याकडे आलो तेव्हा खिशात त्याच होत्या. तुम्ही ऐकलं नाहीत. मीटिंगमध्ये पण नाही. त्या पोरीचं रडणं बघितल्यावर मला वाटलं, शब्द पाळायलाच हवा. पण हे पोर पण जगायला हवं. मग घंटा आठवली. आठ दिवस ठरवले होते. आठ दिवसांत ती बाहेर आली नाही, तर ठराव मोडायचा, मग तुम्ही मारा नाहीतर चाळीतून काढा. सहाव्या दिवशी आली."

रिक्षावाला, आठ नंबरचे भाऊ, सतरा नंबरची सून, सहा महिने रोज सकाळी तोंड उघडून उभी राहिलेली अख्खी चाळ माझ्या डोळ्यांपुढून गेली.

"म्हणजे हे सगळं..." मी कसंबसं म्हणालो. "एवढ्या लोकांना रोज उभं केलंत ते फक्त शीतलसाठी?"

"नाही हो." काकांनी रजिस्टरवरच्या माझ्या ओळीवर बोट ठेवलं. "आता रद्द केलंत म्हणून सांगतो. चोथ्यात दोन प्रकारच्या होत्या. चार विटकरी, आणि एक पांढरी, बारकी. बीपीची. घंटा दोघांसाठी होती, सेक्रेटरी. आली एकटीच."

हे मी मघाशी सांगितलं नाही. आई माझ्या हातावर गोळी ठेवायची, ती मी जिभेखाली धरायचो. तिची पाठ वळली की गाळणीत, चोथ्याच्या खाली. कंपनीतल्या तपासणीनंतर दुसऱ्याच आठवड्यात मी सुरुवात केली होती. तेव्हा शीतल माझ्यासमोर बसून चहा प्यायची. तिने ही युक्ती कुणाची बघून उचलली, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला टिंग झालं. शीतलची गरज संपली होती, तरी काका निघाले होते. मी गोळी हातात घेऊन दारात उभा राहिलो. सगळी गॅलरी माझ्याकडे बघत होती. सेक्रेटरी! काकांनी पाणी ओतलं, मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलो.

"आ करा."

मी आ केला. इतरांच्या तोंडात ते एकदा डोकावायचे आणि पुढे जायचे. माझ्यासमोरून ते हलले नाहीत.

"जीभ उचला," काका म्हणाले.

मी उचलली.